नाव सर्वांत शेवटी वाचावे: स्वाक्षरी असलेल्या जुन्या जपानी तलवारीची पारख

टोकियोत राहायला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी एक वाकिझाशी, म्हणजे आखूड जपानी तलवार, विकत घेतली. मूठ उतरवल्यावर पात्याच्या लपलेल्या भागावर ‘ओमि दाइजो फुजिवारा तादाहिरो’ अशी आठ चित्राक्षरे दिसली. ती मला शब्दकोश न उघडता वाचता आली आणि त्या आनंदातच मी पैसे मोजले. तादाहिरो हे सतराव्या शतकातील हिझेन प्रांतातल्या तलवार घडवणाऱ्या लोहाराचे फार मोठे नाव आहे. काही महिन्यांनी तलवार परीक्षकांकडून परत आली तेव्हा निकाल एका शब्दाचा होता: ‘गिमेइ’, अर्थात खोटी स्वाक्षरी.

माझी चूक अक्षरे वाचण्यात झाली नव्हती, ती क्रमात झाली होती. मी आधी नाव वाचले आणि मग पात्यात त्या नावाला साजेसे गुण शोधत बसलो. ते अर्थातच सापडले, कारण शोधणाऱ्याला हवे ते सापडतेच. जाणकार माणूस याच्या नेमके उलट करतो. तो पाते पाहून काळ आणि प्रांत ठरवतो, मग मुठीतला भाग पाहतो आणि नाव सर्वांत शेवटी वाचतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. हाताशी काय असावे

खुंटी काढण्यासाठी छोटी पितळी हातोडी (तिला मेकुगी-नुकी म्हणतात), दहा पट मोठे दाखवणारे भिंग, हवा तसा फिरवता येईल असा एकच दिवा, मऊ सुती कापड, सेंटिमीटरची पट्टी आणि बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन एवढे साहित्य पुरते. कागदांपैकी जपानमधील नोंदणीपत्र, असल्यास जुनी प्रमाणपत्रे, खरेदीची पावती आणि लाकडी म्यानावर शाईने काही लिहिलेले असल्यास त्याचे फोटो एका ठिकाणी ठेवावेत.

काय नसावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच किंवा भांडी चकचकीत करणारी कोणतीही पूड तलवारीच्या जवळपाससुद्धा नको. आपल्याकडे पितळेची वस्तू घासून लख्ख करण्याची सवय इतकी मुरलेली असते की गंजलेले लोखंड पाहून हात शिवशिवतात. मुठीतल्या भागावरचा गंज हा त्या तलवारीचा जन्मदाखला आहे. तो एकदा घासला की वय सांगणारा सर्वांत मोठा पुरावा गेला आणि किंमतही गेली.

२. मूठ उतरवणे

मुठीच्या आरपार बांबूची एक खुंटी असते, तिला मेकुगी म्हणतात. ती एका टोकाला निमुळती असते, म्हणून बारीक टोकाच्या बाजूने हलकेच ठोकून ती बाहेर काढावी. मग डाव्या हातात मूठ धरून पाते वरच्या दिशेने, चेहऱ्यापासून दूर, किंचित तिरके धरावे आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोके द्यावेत. दोनचार ठोक्यांत पाते सैल होऊन वर सरकते. न सरकल्यास जोर करू नये, हातोडी तर मुळीच घालू नये. अडकलेली मूठ जपानमध्ये तलवारीला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे किंवा जाणत्या विक्रेत्याकडे न्यावी. पात्याच्या उघड्या भागाला बोट लावू नये आणि त्याच्यासमोर बोलूही नये, कारण घामाचा किंवा थुंकीचा डागही पुढे गंज धरतो.

३. पाते पाहून काळ ठरवणे

मुठीतल्या भागावर (त्याला नाकागो म्हणतात) या पायरीत कापड टाकून ठेवावे. हा पोरखेळ वाटेल, परंतु मला त्याचा फार उपयोग झाला.

प्रथम लांबी मोजावी. टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत ६०.६ सेंटिमीटर, म्हणजे दोन शाकू, किंवा त्याहून अधिक भरल्यास ती लांब तलवार. एक ते दोन शाकूंच्या दरम्यान वाकिझाशी. त्याहून आखूड ती तांतो, म्हणजे कट्यार. मग बाक पाहावा. कामाकुरा काळातील (बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १३३३ पर्यंत) ताची ही कमरेला धार खाली करून लटकवण्याची तलवार. तिचा बाक खोल आणि मुठीकडे झुकलेला असतो. चौदाव्या शतकाच्या मध्यावरची पाती लांब, रुंद आणि मोठ्या टोकाची असतात. १६६१ ते १६७३ या कान्बुन काळातील तलवारींचा बाक अगदी उथळ असतो आणि पाते टोकाकडे चांगलेच निमुळते होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा जुन्या थोराड आकारांच्या नकला होऊ लागल्या. ढोबळमानाने १५९६ पूर्वीच्या तलवारींना कोतो, त्यानंतरच्यांना शिंतो, १७८० च्या आसपासपासून १८७६ पर्यंतच्यांना शिनशिंतो आणि पुढच्यांना गेंदाइतो म्हणतात. १८७६ मध्ये सामान्य सामुराईला कमरेला तलवार लावून फिरण्याची बंदी झाली, म्हणून ती सीमारेषा.

यानंतर दिव्याखाली पाते तिरके करून पोलादाचा पोत आणि धारेलगतची पांढरट रेषा पाहावी. पात्यावर मातीचा लेप देऊन त्याला पाणी दिल्याने ही रेषा उमटते. तिला हामोन म्हणतात. हिझेनच्या उत्तम पात्याचे पोलाद इतके बारीक आणि एकसारखे दिसते की जपानी लोक त्याला तांदळाच्या कोंड्याची उपमा देतात, आणि सरळ हामोनची कड पट्ट्यासारखी सलग जाते. माझ्या वाकिझाशीचे पोलाद लाकडाच्या मोठ्या रेषांसारखे भरड होते. तेव्हा मी ‘पॉलिश जुने झाले असेल’ असे मनाशी म्हणालो. नाव आधी वाचले की सबबी अशा आपोआप सुचतात.

या पायरीच्या शेवटी वहीत एक वाक्य लिहावे: ‘मला हे पाते अमुक काळातले वाटते, कारण तमुक.’ ते चुकले तरी चालेल. नंतर पुसू मात्र नये.

४. नाकागो पाहणे

आता कापड काढावे. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरावा; वरून पडणाऱ्या उजेडात कोरीव काम सपाट दिसते. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गंजाचा रंग. फार जुन्या नाकागोचा गंज काळपट, गुळगुळीत आणि लोखंडात मुरलेला असतो. तुलनेने नव्याचा तांबूस असतो. भगवा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज दिसल्यास सावध व्हावे. दुसरी, कानशीच्या रेघा. त्या आडव्या, तिरक्या किंवा मधोमध मिळणाऱ्या पिसासारख्या असतात आणि प्रत्येक घराण्याची त्यात ठरलेली रीत असते. वरच्या भागात नक्षीसारख्या वेगळ्या रेघा काढून शोभा आणण्याची पद्धत उत्तरकालीन आहे. ‘चौदाव्या शतकातील’ तलवारीवर ती दिसली तर मामला तिथेच उलगडतो. तिसरी, खालच्या टोकाचा आकार.

चौथी गोष्ट म्हणजे खुंटीची भोके, आणि इथे थोडे थांबावे. जुन्या लांब ताची पुढच्या पिढ्यांनी कमरेला खोचण्यासाठी आखूड केल्या. आखूड करताना टोक कधीच कापत नाहीत. नाकागो खालून कापतात, पात्याचा खालचा भाग कानस मारून नवा नाकागो करतात आणि नवे भोक पाडतात. त्यामुळे मूळ स्वाक्षरी खाली सरकते, कधी अर्धी तुटते, कधी पूर्ण नाहीशी होते. काही वेळा तिचा तुकडा कापून नव्या नाकागोत बसवत किंवा दुमडून ठेवत. म्हणून दोनतीन भोके असलेल्या, उघडउघड आखूड केलेल्या नाकागोवर वरच्या बाजूला, अगदी ऐसपैस जागेत एखाद्या प्राचीन लोहाराचे पूर्ण नाव दिसले, तर ती जागा मूळच्या तलवारीत धारदार पात्याची होती हे लक्षात घ्यावे. तिथे स्वाक्षरी असणे शक्यच नव्हते.

५. नाव कोणत्या बाजूला आहे

पात्याचे टोक वर धरल्यावर धार आपल्या डावीकडे येत असेल आणि समोरच्या बाजूला नाव असेल, तर ती कातानाची, म्हणजे धार वर करून कमरेला खोचायच्या तलवारीची, रीत. धार उजवीकडे येत असेल तर ताचीची. लोहार सर्वसाधारणपणे तलवार कमरेला असताना बाहेर दिसणाऱ्या बाजूवर नाव कोरीत, आणि ताची व काताना उलटसुलट धारण होत असल्याने ही बाजू बदलते. परंतु नियमाला घराण्यांचे अपवाद आहेत. हिझेनचे तादायोशी घराणे (तादाहिरो याच घराण्यातला) लांब कातानांवरसुद्धा ताचीच्या बाजूला नाव कोरी, वाकिझाशीवर मात्र नेहमीच्या बाजूला. ज्याला हा अपवाद ठाऊक नसतो तो अस्सल तादाहिरोला खोटा म्हणतो आणि खोट्याला अस्सल.

६. अक्षरे वाचणे

लेख वरून खाली वाचावा. पूर्ण लेखात आधी प्रांत, मग गाव, मग ‘जू’ म्हणजे राहणारा, मग पदवी, कुळ, नाव आणि शेवटी ‘साकु’ म्हणजे ‘केले’ असा क्रम असतो. प्रांतानंतर येणारे ‘कुनि’ हे अक्षर चौकटीत कोंडलेले दिसते, त्यामुळे ते सर्वांत आधी ओळखू येते. ‘कामि’, ‘दाइजो’ या पदव्या मानाच्या असत. ‘ओमि दाइजो’ असे लिहिणारा लोहार ओमि प्रांताचा कोणी अधिकारी नव्हता, तो हिझेनमध्येच घण मारत होता. घराण्याच्या दुसऱ्या पिढीतल्या तादाहिरोला ही पदवी १६४१ मध्ये मिळाली. म्हणजे त्याच्याच नावाच्या तलवारीवर ही पदवी आणि त्याआधीची तारीख एकत्र दिसली तर दोहोंपैकी एक खोटे आहे.

तारीख असल्यास ती बहुधा पाठच्या बाजूला असते. कालखंडाचे नाव, वर्ष, महिना आणि ‘दिवस’ असा तिचा साचा. वर्ष काढताना कालखंडाच्या पहिल्या वर्षात लेखातला आकडा मिळवून एक वजा करावा: कान्बुन १६६१ पासून सुरू होतो, म्हणून कान्बुन ४ म्हणजे १६६४. महिना अनेकदा दुसरा किंवा आठवा असतो आणि ‘दिवस’ या अक्षरापुढे आकडा नसतो. तो संकेत आहे, अपूर्णता नव्हे. काही ठिकाणी साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे नाव येते. आपल्या साठ संवत्सरांची सवय असलेल्या वाचकाला ही पद्धत लगेच उमगेल, आणि तिची अडचणही: तेच नाव साठ वर्षांनी पुन्हा येते.

७. त्या नावाचे लोहार किती होते

नाव वाचले म्हणजे माणूस सापडला, असे होत नाही. तादायोशी हे नाव नऊ पिढ्या चालले. बिझेन प्रांतातील ओसाफुने गावात पंधराव्या-सोळाव्या शतकात सुकेसादा या नावाने काम करणारे लोहार डझनांनी होते. युद्धांचा तो काळ, मागणी अफाट, आणि घाऊक तलवारींवर ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ (बिशू म्हणजे बिझेनच) एवढेच आखूड नाव कोरले जाई. ज्या तलवारीवर प्रांताचे पूर्ण नाव आणि लोहाराचे व्यक्तिनाम, उदाहरणार्थ ‘योसोझाएमोन नो जो’, येते ती बहुधा कोणासाठी तरी खास घडवलेली असते. विक्रेता दोन्हींना ‘सुकेसादा’च म्हणतो आणि किमतीत मात्र जमीनअस्मानाचा फरक असतो.

मासामुने या जपानच्या सर्वांत ख्यातनाम लोहाराविषयी एकच सांगतो. त्याच्या स्वाक्षरीच्या विश्वासार्ह वस्तू म्हणजे मोजक्या कट्यारी आहेत. लांब तलवारीवर त्याचे नाव दिसले तर पुढची पायरी वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

८. छिन्नीचे घाव तपासणे

खरा लोहार नाव लिहीत नसे, छिन्नीने ठोकत असे, आणि आयुष्यभर त्याच हाताने ठोकत असल्याने त्याच्या घावांना लय येते. भिंगातून पाहिल्यास घावाच्या कडेला दाबलेले लोखंड किंचित वर आलेले दिसते. कालांतराने ती कड गंजते, झिजते आणि खोबणीतला गंज आजूबाजूच्या गंजाशी एकजीव होतो. नंतर कोरलेल्या नावात छिन्नी जुना गंज फोडून आत गेलेली असते. खोबणीचा रंग वेगळा, कड तुटक, आणि रंग लपवण्यासाठी काही फासलेले असल्यास ते कोपऱ्यांत साचलेले दिसते. माझ्या तलवारीत ‘हिरो’ या शेवटच्या अक्षराच्या तळाशी असा काळा थर होता. एवढेच नव्हे, आडवे घाव सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीचे होते, जणू कोणी पट्टी ठेवून ओळ आखावी तसे.

मात्र गंज जुळला म्हणून स्वाक्षरी खरी ठरत नाही. एदो काळात (१६०३ ते १८६८) सरदारांमध्ये तलवारी भेट देण्याची प्रथा होती आणि मोठ्या नावांना सतत मागणी असे, त्यामुळे खोटी नावे तेव्हाही कोरली गेली. तीनशे वर्षांपूर्वीच्या लबाडीवर आज तीनशे वर्षांचा अस्सल गंज आहे.

म्हणून अखेरचा ताळा अक्षरांच्या वळणाचा. खात्रीच्या तलवारींच्या नाकागोचे काजळी-ठसे, ज्यांना ओशिगाता म्हणतात, छापील संग्रहांत मिळतात. एकाच लोहाराच्या दहाबारा ठशांशी आपला फोटो शेजारी ठेवून एकेक घाव ताडून पाहावा. एका ठशावर विसंबू नये, कारण माणसाचे अक्षर वयानुसार बदलते. एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, लोहार नागासोने कोतेत्सु हा याचा धडा आहे. त्याच्या नावातील ‘को’, म्हणजे वाघ, हे अक्षर तो आधी झेप घेणाऱ्या शेपटीसारख्या वळणाने कोरी. साधारण १६६४ पासून त्याने चौकटीसारखे रूप घेतले. वळण एका काळातले आणि घडण दुसऱ्या काळातली, अशी कोतेत्सु आढळली तर उत्तर मिळाले. तसेही, जपानमध्ये कोतेत्सु दिसली की ती खोटी समजावी अशी म्हणच पडली आहे.

उलट बाजूचाही एक धोका आहे. वृद्ध गुरूच्या वतीने त्याच्याच परवानगीने मुलगा किंवा शिष्य तलवार घडवी आणि गुरूचे नाव कोरी. दुसऱ्या तादाहिरोच्या हाताखाली त्याचा मुलगा, तिसरा तादायोशी, काम करी. असे नाव वळणाने थोडे वेगळे असूनही खोटे मानत नाहीत. हा निवाडा नवशिक्याने करू नये.

९. कोणता कागद काय सांगतो

सर्वाधिक फसवणूक इथे होते, आणि बऱ्याचदा विक्रेता काही खोटे बोलतही नाही. जपानमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक पारंपरिक तलवारीसोबत नोंदणीपत्र असते. त्यावर लांबी, बाक, भोकांची संख्या आणि कोरलेले नाव असते. ते नाव जसे दिसले तसे उतरवून घेतलेले असते. ते खरे आहे, असे त्यात कोणी म्हटलेले नसते. माझ्या विक्रेत्याने ‘सरकारी कागदावर तादाहिरो लिहिलेले आहे’ असे सांगितले ते अक्षरशः खरे होते. नोंदणीपत्रावरची मापे पात्याशी जुळतात का, हे मात्र स्वतः मोजून पाहावे. तलवार घेतल्यावर ज्या प्रांताच्या शिक्षण मंडळाने ते पत्र दिले आहे त्यांना वीस दिवसांच्या आत मालकी बदलल्याचे कळवावे लागते.

अस्सलपणाचा निवाडा देणारा कागद वेगळा. १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ ही संस्था शिन्सा, म्हणजे परीक्षा, घेते आणि होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा चढत्या श्रेणीची प्रमाणपत्रे देते. १९८२ पूर्वीची ‘किचो’ वर्गातील जुनी प्रमाणपत्रे बाजारात पुष्कळ फिरतात. मोठ्या नावाच्या बाबतीत जाणकार त्यांवर थांबत नाहीत, पुन्हा परीक्षा करून घेतात. म्यानावर थोर परीक्षकांच्या हातचे लेख असतात, पण म्यानात दुसरे पाते सरकवायला कितीसा वेळ लागतो?

१०. परीक्षेला पाठवणे

संस्थेचे तलवार संग्रहालय टोकियोत र्योगोकु भागात आहे. नोंदणीपत्र, अर्ज आणि शुल्क घेऊन तलवार ठरलेल्या काळात जमा करावी लागते. जपानी भाषा अडत असेल तर मध्यस्थामार्फत. निकालाला महिने लागतात. उत्तीर्ण, नापास आणि ‘होर्यू’ म्हणजे निर्णय राखून ठेवलेला, असे निकाल येतात. पाठवण्यापूर्वी नाकागोचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पायरी ३ मधले आपले वाक्य जपून ठेवावे. माझ्या वहीत असे वाक्य असते, तर ते ‘भरड पोलाद, हिझेन वाटत नाही’ असे असते.

११. तलवार भारतात घरीच असेल तर

१९४५ मध्ये शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवाव्यात असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता, आणि ब्रह्मदेश-मलायात लढलेल्या भारतीय सैनिकांपैकी काहींच्या घरी त्या आल्या. अशा लष्करी तलवारीच्या नाकागोवर ‘सेकी’ किंवा ‘शोवा’ असा छोटा शिक्का असल्यास ती बहुधा युद्धकाळात अपारंपरिक रीतीने झालेली असते. गंमत अशी की तिथली स्वाक्षरी लोहाराची स्वतःची आणि खरी असू शकते. तलवार तेवढी पारंपरिक नसते. धातूची मूठ आणि पात्यावर ठोकलेला अनुक्रमांक असेल तर ती हवालदार दर्जाच्या बिनसनदी अधिकाऱ्यांची, यंत्रावर केलेली. परंतु लष्करी मूठ पाहून तलवार अडगळीत टाकू नये, कारण अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातले जुने पाते नव्या मुठीत बसवून नेले होते. खुंटी काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशी तलवार परीक्षेसाठी जपानला पाठवण्याचा विचार मनात आल्यास आधी कायदा पाहावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याबाबत स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. तोवर आडव्या उजेडातले स्पष्ट फोटो आणि अचूक मापे यांवर बरेच काम होते.

माझी वाकिझाशी अजून माझ्याकडे आहे. खोटे नाव कानशीने काढून, बिनस्वाक्षरीची म्हणून ती पुन्हा परीक्षेला देता येते, असे दोघांनी सुचवले. मी तूर्त ते केलेले नाही. दर काही महिन्यांनी तिला तेल लावताना मी भिंग घेऊन त्या ‘हिरो’कडे एकदा पाहतो.